न गंजणारा बीम

२ फेब्रुवारी, सकाळी
आज कॉलेजच्या लॅबमध्ये शेवटचा बीम ओतायचा. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, स्वच्छ सांगितलंय: हा गेला तर पीएचडीची मुदत वाढणार नाही. सासरे त्याचीच वाट बघतायत. त्यांचं लोखंडी सळ्यांचं दुकान आहे, जावई गल्ल्यावर बसावा ही त्यांची इच्छा. बसणार नाही. माझ्या बीममध्ये लोखंड औषधालाही नाही. सळ्या काचेच्या धाग्यांच्या, भोवती तंतू घातलेलं सिमेंट, जे तुटण्याआधी वाकतं.

संध्याकाळी
मॅडम म्हणाल्या, सळ्या हलक्या आहेत, साच्याच्या तळाशी तारेने आवळून बांध, नाहीतर वर तरंगतील; भार आला की बीम खालून फाटतो, सळ्या तिथेच हव्यात. गंजमुक्त बीममध्ये लोखंडी तार? तत्त्वात बसत नाही. नुसत्याच ठेवल्या. ओलं सिमेंट हलवून बसवणारा व्हायब्रेटर मात्र मन भरेपर्यंत फिरवला.

३ फेब्रुवारी
साचा उघडला. वरच्या बाजूला लांब, समांतर रेघा उमटल्यात. फिनिशिंग उठून दिसतं. फोटो पाहून बायको म्हणाली, मॅडमना दाखव. उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

१५ फेब्रुवारी
झोप नाही. वेळ सत्कारणी लावायचा म्हणून प्रबंधातलं निकालाचं प्रकरण लिहून टाकलं. बीम फार डौलात वाकला असं लिहिलंय. आकडे नंतर भरू.

२ मार्च, सकाळी
आज चाचणी. शर्ट उलटा घातला गेला. आनंदात होतं असं.

दुपारी
मशीन सुरू झालं. बीम किंचित वाकला. मी मॅडमकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात कडकन आवाज. बीम खालून फाटत गेला आणि दोन्ही तुकडे वरच्या सळ्यांना लोंबकळत राहिले. लोखंडी सळ्यांच्या साध्या बीमच्या पावपट भारही पेलला नाही. सळ्या सगळ्या वर, खाली एकही नाही. मॅडम म्हणाल्या, बांधल्या नाहीस ना. सळ्यांना साधा ओरखडाही नाही हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्या निघून गेल्या.

५ मार्च
दुकान. गल्ला नाहीच. सासऱ्यांनी हातात तारेचा ब्रश दिला, गोदामातल्या जुन्या सळ्यांचा गंज काढायला. फार अपमान वाटला. तरी ठरवलं, दुपारपर्यंत उरकायचं आणि नवा प्रस्ताव लिहायला घ्यायचा. संध्याकाळी सासरे आले. एक सळई उचलून उलटी केली आणि म्हणाले, जावईबापू, खालची बाजू राहिली.