न लिहिलेलं नाव

बारान्किया, कोलंबिया,
९ फेब्रुवारी २००८

प्रिय ओदिलिया वहिनी,

नमस्कार. तुम्ही आणि मारिएला बऱ्या असाल अशी आशा आहे. इथे उकाडा फार आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता अक्षर ओळीत येतं.

दर नाताळाला मी पाठवलेली मिठाई तुम्ही न फोडता परत केलीत. दादाच्या मातीला मी आलो नाही, याचा राग. बरोबरच आहे.

मारिएलाचं लग्न मोडल्याचं कळलं. मुलाची आई म्हणाली म्हणे, "फितुराची पोरगी आमच्या घरात नको." म्हणून आज लिहायला बसलो.

केळी धुऊन खोक्यांत भरायच्या शेडवर मी मुकादम होतो आणि दादा युनियनचा पुढारी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं ठाऊक नाही. त्या ऑगस्टात मॅनेजर डॉन फाउस्तोनं मला ऑफिसात बोलावलं. जंगलातल्या बंडखोरांना संपवायला जी हत्यारबंद टोळी आली होती आणि युनियनवाल्यांनाही त्यांचेच साथीदार समजत होती, तिचा माणूस तिथे कॉफी पीत बसला होता.

"युनियनमध्ये कोण कोण आहे, लिहून दे त्यांना," डॉन फाउस्तो म्हणाला.

"साहेब, ती माझी माणसं आहेत."

"आणि माझी नाहीत? नाही म्हटलं तर उद्या हे लोक शेड जाळतील. कंपनी जहाजं दुसऱ्या देशात वळवेल. मग तीन हजार घरांतल्या चुली तू पेटवणार आहेस का?"

घाबरलो म्हणून लिहिलं, असं सांगून मला सुटता आलं असतं. घाबरलो होतोच. पण वहिनी, मला त्याचं म्हणणं पटलंही होतं.

आठ नावं लिहिली. नववं दादाचं होतं, ते लिहिलं नाही. बाहेर आलो तेव्हा वाटलं, भावाला वाचवलं.

सोमवारी टोळीनं कामगारांची बस पुलाजवळ अडवली. नावं वाचत आठ जणांना खाली उतरवलं आणि तिथेच मारलं. दादा सीटवर बसून राहिला. त्याचं नाव कुणी घेतलंच नाही. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं, "आठ गेले, मग पुढारी कसा राहिला?"

तुम्हाला कुणी पाव विकेना, तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, "लेओन, तू तरी सांग ना त्यांना. मी कुणाचं नाव दिलं नाही रे."

मी म्हटलं, "विसरतील लोक, दादा."

तीन आठवड्यांनी बंडखोरांनी त्याला तुमच्या दारातून नेलं. मारून, गळ्यात 'फितूर' अशी पाटी घालून रस्त्यावर टाकलं. मातीच्या दिवशी मला ताप आलाय असं मी कळवलं होतं. ताप नव्हता.

डॉन फाउस्तो बढती घेऊन कोस्टा रिकाला गेला. निरोपाच्या जेवणाला डुक्कर भाजलं होतं. इतक्या कठीण वर्षात मळ्याचं काम एक दिवसही थांबलं नाही, असं कौतुकाचं पत्र वरून आलं होतं, ते त्यानं उभं राहून वाचून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या आठ जणांच्या खुनाचा खटला आता कंपनीवर उभा राहिलाय; परवा कोर्टात जाऊन मी हे सगळं सांगितलं. कंपनीचा वकील बाहेर गाठून म्हणाला, "मुकादमानं आपल्या मनानंच यादी दिली, असं म्हणू आम्ही. म्हातारपणी कशाला ओढवून घेता?" मी जबाबावर सही केली. त्याची नक्कल सोबत आहे.

हे पत्र रविवारी चर्चच्या दारात मोठ्यानं वाचा. मारिएलाच्या त्या होऊ न शकलेल्या सासूलाही ऐकू द्या. मी माफी मागत नाही. ती तुमच्या एकटीच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात होती ते नऊजण पुरले गेले.

पाकिटावर माझा पत्ता आहे. त्या आठ घरांतल्या कुणाला यायचं असेल, तर मी घरीच असतो. दाराला कडी लावत नाही.

'तुमचा' लिहायला हात धजत नाही.

लेओन्सियो पालासियोस मेना