काजळ्याचा खरा चेहरा

प्रिय मामा,

काल दिवसभरात तुझे सहा फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. मोबाइल टेबलावर थरथरत सरकायचा आणि मी भिंतीला पाठ लावून बसायचे, समोर विंचू निघाल्यासारखी. तुझी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती, त्यामुळे ही भीतीच आहे हे कळायलाही वेळ लागला. आधी वाटलं, अंगात कणकण आहे.

सात वर्षांची होते मी बाबा गेले तेव्हा. तू आपली खोली सोडून दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आलास तो कायमचा. मला कांजिण्या आल्या तेव्हा अकरा दिवस रजा काढून उशाशी बसलास. सायकल शिकवलीस. पेन्सिलींची टोकं कुरतडायचे म्हणून 'खारूताई' हे नावही तूच ठेवलंस. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तुझी सही असायची. लग्न केलं नाहीस. सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा, आणि मला वाटायचं, मामा असावा तर माझाच. हे सगळं खरं होतं, मामा. मी ते खोटं ठरवू शकत नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच आहे.

छापखान्याच्या बंद गोदामात 'पोलादपंख'च्या चित्रांचे मूळ कागद सापडले, ही बातमी मी सगळ्यात आधी तुला दिली. जुन्या चित्रकथा स्वच्छ करून पुन्हा छापायचं माझं काम, आणि त्यात बाबांनी चितारलेला अंक सत्तेचाळीस हाती लागला. मला वाटलं, तू लहान पोरासारखा नाचशील. तू एवढंच म्हणालास, "शेवटच्या पानाला हात लावू नकोस. जुना कागद आहे, फाटेल. मी येऊन करतो." गठ्ठ्यात सगळी पानं आहेत की अर्धीच, हे मी तुला अजून सांगितलंच नव्हतं. पण तेव्हा मला वाटलं, अनुभवी माणसाची काळजी. त्या छापखान्यात पानांचे फोटो काढायचं काम तुझंच, बाबांची पानं तुझ्याच कॅमेऱ्याखालून छपाईला जायची ना.

त्या अंकाची गंमत तुला मी काय सांगणार? दोन वर्षं पोरं डोकं खाजवत होती, काजळ्या कोण? तोंडाला काळं फडकं बांधून शहराच्या नाकी नऊ आणणारा हा दुष्ट कोण? सत्तेचाळीसमध्ये पोलादपंख त्याचं फडकं ओढणार, असं आधीच जाहीर झालं होतं. अंक हातोहात खपला, आणि फडक्यामागून निघाला एक टकला माणूस, जो आधीच्या सेहेचाळीस अंकांत कुणी पाहिलेलाच नव्हता. वाचकांची पत्रांवर पत्रं आली, हा कोण? त्यात पोलादपंखाच्या तोंडी वाक्य आहे, "तू? खाल्ल्या घरचे वासे मोजलेस?" अनोळखी माणसाला कोण असं म्हणेल? शाळेत पोरी मला चिडवायच्या, तुझ्या बाबांना शेवट जमला नाही गं. मी घरी येऊन रडले की तू म्हणायचास, "बाबा घाईत होते, बाळा."

बाबा घाईत नव्हते. आठ दिवसांपूर्वी, ऐन दुपारी, मी ते पान दिव्याखाली धरलं आणि दिसलं की टकल्याचा चेहरा वेगळ्या कागदावर काढून वरून चिकटवला आहे. डिंक कधीच वाळून गेला होता. पातळ सुरीचं टोक घातलं आणि चिठोरा आपोआप सुटला. त्याचे चारही कोपरे गोल कापलेले होते. माझ्या वह्यांना नावाची चिठ्ठी लावताना तू असेच कापायचास, टोकदार कोपरा आधी निघतो म्हणून. मी हसलेसुद्धा, म्हटलं, ही तर मामाची कारागिरी. मग खालचा चेहरा पाहिला. तेहतीस वर्षांचा तू. कपाळावरची ती आडवी खूण, डाव्या बाजूला वळलेलं नाक, सगळं हुबेहूब. बाजूला, चिठोऱ्याखालीच दडलेलं, बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर, "चेहरा बदलू नये. कारण सगळ्यांना उद्या सांगतो." खाली तारीख. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा छापखान्यातल्या मालाच्या लिफ्टच्या खड्ड्यात पडले. दार उघडं होतं आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर होती. त्यांना सगळ्यात आधी तू पाहिलंस. आम्हाला सांगायलाही तूच आलास.

मी स्वतःला समजावलं की मेव्हण्या-मेव्हण्यांतली थट्टा असेल. दोन दिवस तेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर कार्यालयात आले तर रखवालदार म्हणाला, "तुमचे मामा तासभर तुमच्या खोलीत बसून गेले, फार बोलका माणूस." माझे खण नीट लावलेले होते, मी लावते त्याहून नीट. पान तिथे नव्हतं, ते आमच्या प्रकाशनाच्या मोठ्या बाईंच्या कपाटात होतं. त्या संध्याकाळी आठवलं की माझ्या घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. घरी गेले, दाराला खुर्ची लावली आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. जिन्यावर प्रत्येक पाऊल वाजलं की दिवा बंद करायचे. दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने विचारलं, "चोरी झाली का?" मी काय सांगणार, की ज्याने मला सायकल शिकवली त्याच्यासाठी कुलूप बदलतेय?

परवा तू बँकेत गेलास तेव्हा मी आईकडे आले होते, हे तुला माहीत नाही. पानाचा फोटो तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, ती कोसळेल. तिने चष्मा पुसला, फोटो पाहिला आणि उठून बाहेरच्या दाराला कडी घातली. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुझ्यापर्यंत तिचा आवाज पोचेल. "छापखान्यातल्या संपाची बैठक आपल्या स्वयंपाकघरात झाली होती. चौदा नावं होती, यादी तुझ्या मामाने लिहून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मालकाच्या टेबलावर तीच चौदा नावं, त्याच क्रमाने. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला गेटवर मारलं, त्याचा एक डोळा गेला. तुझे बाबा आठवडाभर जेवले नाहीत. मग एका सकाळी मला म्हणाले, तुझ्या भावाशी आज बोलायचंय. मला राहवलं नाही. ते आंघोळीला गेले तेवढ्यात मी धावत त्याच्या खोलीवर जाऊन सांगितलं, ते तुझ्यावर चिडलेत, काय केलंस रे तू? मीच सांगितलं त्याला. दुपारी छापखान्यातून तो एकटाच आला."

मी विचारलं, मग एकतीस वर्षं त्याच्यासोबत एका छपराखाली कशी राहिलीस? आई म्हणाली, "तू त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायचीस. मी कुणाला काय सांगणार होते? माझ्याजवळ पुरावा नव्हता, नोकरी नव्हती, आणि तू होतीस. मी रात्री खोलीला आतून कडी लावून झोपायचे, एवढंच माझ्या हातात होतं." लहानपणी त्या कडीचा आवाज मी रोज ऐकायचे, मामा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशी कडी लावतात. मी तिला म्हटलं, आपण मामाला थोडा वेळ देऊ, त्याने आपणहून सांगावं. ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. "तुझ्या बाबांनी त्याला वेळ दिला होता. तू देऊ नकोस."

म्हणून हे पत्र उशिरा लिहितेय, सगळं करून झाल्यावर. आई काल सकाळी डोळे तपासायला गेली ती परत आली नाही, म्हणून तू फोन करतोयस. ती माझ्याजवळ आहे, पण आम्ही दोघी माझ्या घरी नाही. पान आज मोठ्या बाईंनी वकिलांना सोबत घेऊन पोलिसांत दिलं. नवा अंक निघेल तेव्हा त्यात बाबांनी काढलेला चेहराच असेल. पण चित्रावरून आणि आईच्या बोलण्यावरून इतकंच कळतं की नावं तू दिलीस. लिफ्टजवळ काय झालं ते कोणत्याच कागदावर नाही, ते फक्त तुला माहीत आहे. ते विचारायला हे पत्र लिहितेय. तुमची बाचाबाची झाली आणि बाबांचा पाय घसरला? तू हात पुढे केलास का? केलास, तर कशासाठी केलास? तू कोणतंही उत्तर दिलंस तरी मला त्याची धास्ती आहे. घसरले म्हणालास तर मी विश्वास ठेवीन, आणि मग आयुष्यभर स्वतःच्या विश्वासाला घाबरत राहीन. आई शेजारच्या खोलीत झोपली आहे. दाराला कडी नाही, दार सताड उघडं आहे, आणि तिचं घोरणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. मामा, आम्हाला शोधू नकोस. येऊ नकोस. पाकिटावर बाईंच्या कार्यालयाचा पत्ता आहे, तिथे लिहून कळव.

तुझीच भाची,
खारूताई