भिंतीसमोरच्या काठ्या

प्रिय रिद्धी,

रविवारी तुझी भिंत पाहायला केळव्याहून दोन गाड्या भरून माणसं आली. घोळ माशाच्या उघड्या तोंडापाशी डोकं टेकवून प्रत्येकाने फोटो काढला. चित्र छानच झालंय बाय, उगाच खोट काढणार नाही. गावातल्या पोरांनी रंगवलेली पापलेटंसुद्धा गोड दिसतात. फक्त बोंबलाला तू एवढे टपोरे डोळे दिलेस की नर्मदाकाकू म्हणाली, "ह्यो तर सिनेमात जायला निघालाय."

गणपतीनंतर तू कॉलेजच्या मैत्रिणी घेऊन आलीस आणि भिंतीसमोरच्या बोंबील वाळवायच्या काठ्या चार दिवस काढा म्हणालीस. काकू कुरकुरत होती. आपल्याकडे वाळवणीच्या जागेला कागद नसतो. ज्या घराच्या काठ्या उभ्या, त्या घराची जागा, सासूकडून सुनेकडे. हे तुलाही ठाऊक होतं. तरी मीच तिला समजावलं, माझ्या पोरीचा शब्द आहे म्हणून. आम्ही आपल्या हातांनी काठ्या उपटल्या आणि त्याच बांबूंची तुला परांची बांधून दिली. मूर्खपणा म्हणतात तो हा.

दिवाळीनंतर बोंबील आला, तर तिथे गावच्या पर्यटन समितीने घातलेली फरशी आणि बाकडी. समितीवाले म्हणाले, "आता हितं वाळवण नाय, पाव्हणे येतात." तेव्हापासून आम्ही बोईसरच्या रस्त्याकडेला वाळवतोय. ट्रकची धूळ बसते, खाताना दाताखाली कचकच लागते. पालघरच्या बाजारात नेहमीच्या बायका टोपलीत हात घालतात आणि पुढे जातात. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, लोकांना वास येतो गं. थोडं लांब वाळवलं तर काय बिघडतं?"

काय बिघडतं! त्या काठ्यांखाली तुझी झोळी बांधलेली असायची. घरात नेलं की भोकाड पसरायचीस. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी टांगायला तू माझ्याआधी उठायचीस. तुला वास कधीपासून यायला लागला, एवढंच मला कळत नाही. फोन ठेवला आणि भात करपवला. राग अजून गेलेला नाही.

येत्या रविवारी त्याच भिंतीसमोर तुझा सत्कार आहे. शनिवारी मी, काकू आणि शेजारची मंगळी मिळून फरशी उकलणार आहोत आणि काठ्या पुन्हा रोवणार आहोत. सकाळी ओले बोंबील टांगले की तुझं चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं जाईल. समिती पोलीस बोलावणार म्हणते, बोलावू दे. पाहुण्यांसमोर तुझी शोभा होईल. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आज लिहायला बसले. यायचं तर ये, जेवायला घरीच ये. पण चारचौघांत मला काठ्या काढायला सांगू नकोस. मी नाही म्हणेन, आणि तुला नाही म्हणायची मला सवय नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई