तैशोच्या पेशींतला लाल ठिपका

सेंदाई, २ नोव्हेंबर

आदरणीय तोकुजीमामांना चिझुरूचा कमरेतून वाकून नमस्कार.

बंदरावर वारं बोचरं झालं असेल. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? तुम्ही पाठवलेले सांमा मासे आम्ही सगळ्यांनी प्रयोगशाळेच्या अंगणात भाजून खाल्ले (आत भाजले असते तर आगीचा भोंगा पुन्हा बोंबलला असता).

माझं मात्र काही खरं नाही. शनिवारी अधिवेशनात माझं भाषण आहे, आणि त्यावरच माझी नोकरी पुढे तीन वर्षं टिकायची की नाही ते ठरणार. कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत 'तीनरंगी बोका' छापूनही झालंय. बोका म्हणजे आपला तैशो, तीनरंगी बोका शुभ म्हणून ज्याला बोटीच्या पुढे बसवल्याशिवाय तुमचे खलाशी दोर सोडत नाहीत तोच. त्याच्या कानाला टाके पडले तेव्हा मी कातडीचा तुकडा मागून नेला होता, त्यातून पेशी वाढवल्या. मांजराला तीन रंग यायला एक्स गुणसूत्रं दोन लागतात आणि त्यांतल्या एकाला गप्प बसवावं लागतं. ते काम एक आरएनए करतो. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही, तो केंद्रकाबाहेरही पडत नाही. ज्या एक्सवर जन्मला त्यालाच पांघरूण घालून, केंद्रकाच्या भिंतीला टेकून बसतो. (थंडीत कोतात्सूच्या ऊबदार मेजाखाली, रजईत शिरलेल्या मामी आठवा. हे त्यांना वाचून दाखवू नका.) माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ प्रत्येक केंद्रकाच्या कडेला त्या आरएनएचा एकेक लाल ठिपका होता! बोक्याला एरवी एक एक्स आणि एक वाय असतं, त्यामुळे बोक्यात असं दिसणं म्हणजे हजारोंत एखादं. मी खुर्चीवरून उडालेच.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख हातोरी सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "छान. आता नराचं वाय गुणसूत्र दाखव."

"सर, मामा म्हणालेत ना, बोका आहे."

"तुझे मामा म्हणजे काय चाचणी आहे?"

एवढ्या चाचण्या केल्या, पण वडीलधाऱ्यांचा शब्द कसा तपासायचा? शेवटी तपासला. तीनदा. मामा, वाय नाहीये. मला माझी लाज वाटली आणि तुमच्यासाठी फार वाईट वाटलं.

तुमची,
चिझुरू

ता.क. चाचणी चुकली असेल अशी वेडी आशा आहे. तैशोची शेपटी उचलून एक फोटो काढून पाठवाल का? खलाशांसमोर नको.

ता.ता.क. फोटो राहू द्या. आत्ताच मामींचा फोन आला. तैशोला तुमच्या रेनकोटात चार पिल्लं झालीत म्हणे, आणि त्यांतलं तीनरंगी पिल्लू 'नक्की बोकाच' असं तुम्ही बंदरभर सांगत सुटलाय. मामा, आधी शेपटी उचला!