पांढऱ्या पट्ट्यांची झाडं

४ मार्च
रजा संपली. पुन्हा तेच गोदाम, तीच खोली, शेजारच्या पलंगावर तोच घोरक्या. माझ्या पलंगाचा एक पाय आखूड. कूस बदलली की खडखडतो आणि घोरक्या शिव्या घालतो. उद्या पायाखाली काहीतरी घालणे.
घरी ताईने पाच दिवस हमालासारखं राबवलं. बाबांचं रान आम्हा दोघांचं, पण ती मालकिणीसारखी पुढे आणि मी रंगाचा डबा घेऊन मागे. बेचाळीस झाडांना पांढरे पट्टे मारले. कशाला, ते ती प्रत्येक झाडापाशी सांगत होती. मी इअरफोन घातले होते. लेक्चर मला झेपत नाही.

६ मार्च
ताईशी फोनवर भांडलो. म्हटलं, दर साली चार वाकडी झाडं काढतेस आणि उरलेली बघत बसतेस. लाकूड काय बघायला असतं? ती म्हणाली, बरं बाळा, यंदाची तोड तू कर. नीट झाली तर रान तू सांभाळ, मी ढुंकून बघणार नाही. बिघडली तर माझ्या वीस वर्षांच्या प्लॅनवर सही करायची आणि तोंड बंद ठेवायचं.
'बाळा' मुद्दाम म्हणाली. मागून भावजी हसले. हसा! पुढच्या महिन्यात मालक म्हणून येतो, तेव्हा फाटक उघडायला तुम्हालाच ठेवतो.

९ मार्च, दुपारी
पलंगाखाली पुठ्ठा घातला. दबला.

११ मार्च
तोडीच्या ठेकेदाराला फोन. पट्टेवाली सगळी पाड म्हटलं. म्हणतो, दादा, नक्की पट्टेवालीच? ती तर सगळ्यात सरळ आहेत. म्हटलं, मग काय वाकडी विकू? मालक कोण, तू की मी? चौदा तारखेला माणसं लावतो म्हणाला. गोदामातला सुपरवायझर माझ्याशी असंच बोलतो. त्याला अक्कल नाही, पण पद्धत बरोबर आहे.

१४ मार्च
तोड सुरू. ताईचे सात मिस्ड कॉल. ढुंकून बघणार नव्हती ना? ब्लॉक केलं. भावजींनाही.

१५ मार्च
चाळीस पडली! सुपरवायझरला सांगून टाकलं, तुझं गोदाम तुला लखलाभ. त्याने खोकी उचलायला सांगितली. उचलली. शेवटची.

१६ मार्च
ठेकेदार म्हणतो, उरलेल्या दोन झाडांच्या मध्ये ताई बसलीय. म्हटलं, उचलून बाजूला ठेव. म्हणाला, तुम्हीच या आणि उचला. करवत बंद करून गेला. सगळे तिला सामील.

१९ मार्च
ताईचा फोन, ठेकेदाराच्या नंबरवरून. ओरडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणाली, पट्टेवाली झाडं बियांसाठी राखली होती. त्यांच्याच बियांतून पुढचं सरळ रान उगवणार होतं. आता वाकड्यांचं बी पडणार. म्हटलं, आधी सांगायचं ना. म्हणाली, बेचाळीस वेळा सांगितलं, पट्टे तूच मारत होतास.
मुळीच नाही. माझे पट्टे मारून झाल्यावर कोणीतरी दुसऱ्या झाडांना मारलेत. भावजींनीच.

२० मार्च
राजीनामा तोंडी होता, त्यामुळे सुपरवायझरच्या लक्षातच नाही. बरं झालं. खोकी उचलली.

२७ मार्च
ताईचं पार्सल. प्लॅनचे कागद आणि एक जाड चकती, सालीसकट, पट्ट्याच्या जागी कापलेली. चिठ्ठी नाही. वाळलेल्या पांढऱ्या रंगात एक अंगठा उमटलाय. माझा लावून पाहिला. बरोबर बसला. अंगठे काय, सगळ्यांचे सारखेच असतात.
सही केली.
चकती पलंगाच्या पायाखाली घातली. पलंग हलायचा थांबला. घोरक्या म्हणाला, वा! कुठून आणलीस? म्हटलं, आमच्या रानातली. म्हणाला, माझाही पलंग हलतो, मलाही एक मागव.
म्हटलं, पट्टेवाली दोनच झाडं उरलीत. ताई देणार नाही.