मनात आकस न ठेवता केलेली शिफारस

तीर्थरूप भावोजींना वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच वाकते). गुडघा कसा आहे? ताई म्हणते, जिना चढताना कण्हता आणि कोणी दिसलं की गाणं गुणगुणता.

मागे जेवताना तुम्ही वकिली आवाजात नवा कायदा समजावला होतात : जुन्या नोकराबद्दल मालकाने आकस न ठेवता खरं तेच लिहिलं, तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. ऐकून मी निर्धास्त झाले, कारण माझ्या चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली मुलगी, जिला मी मनात आरसाबाई म्हणते. (वय चोवीस, पण बाईच म्हणावं असा आवाज.) गिऱ्हाइकाने फ्रेम लावून "कशी दिसते?" विचारलं की ही सांगणार, "फ्रेम छान आहे. चेहऱ्यावर नका घालू." एक निवृत्त मुख्याध्यापक तर स्वतःचा जुना चष्माही काउंटरवर टाकून निघून गेले.

तिला काढायची हिंमत होईना. घरात कमावणारी ती एकटी, आणि मला रडू लवकर येतं. समोरच्या ब्यूटी पार्लरला माणूस हवंय असं कळताच मी तिला शिफारसपत्र दिलं : ‘अत्यंत प्रामाणिक. गिऱ्हाईक हिला कधी विसरत नाही.’ एक अक्षर खोटं नाही.

पहिल्याच आठवड्यात तिथे एका बाईंनी विचारलं, फेशिअलने कितपत फरक पडेल? आरसाबाई म्हणाली, "उजेड कमी असेल तर बराच." पार्लरवाली तिला हाताला धरून माझ्या दारात हजर. "मैत्रीण म्हणवतेस आणि ही ब्याद माझ्या गळ्यात बांधतेस? कोर्टात खेचते तुला!" मी तुमचा कायदा ऐकवला. आकस नव्हताच हो, फक्त ती जायला हवी होती. मध्ये उभी आरसाबाई हळूच म्हणाली, "खरं लिहिलं म्हणून तुम्हाला संरक्षण. खरं बोलले म्हणून माझी नोकरी दोनदा गेली." मी आत जाऊन चहा टाकला.

तुमची मेहुणी

ता. क. : दावा होणार नाही, पार्लरवालीचा राग चहापर्यंतच टिकतो. आरसाबाईची नोकरी मात्र गेली ती गेलीच, आणि तिच्या जागी मी दुसरी घेऊन बसले आहे.

आणखी एक : ताई सांगत होती, तुमच्या ऑफिसात बाहेरच्या टेबलावर कोणी टिकत नाही, आणि अशिलांच्या भिडेपोटी तुम्ही हरणारे खटलेही घेऊन बसता. आरसाबाई सोमवारी त्या टेबलासाठी येते आहे. वेगळं शिफारसपत्र देत नाही, हेच समजावं. सगळं खरं लिहिलं आहे, तेव्हा मागाहून मला बोल लावायची सोय तुम्हाला उरलेली नाही.