गरम पँट मोजत नाहीत

गुरुवार, संध्याकाळ. भाजी अजून गॅसवर आहे.

आज ह्यांच्यावर ओरडलेच मी. बरं केलं की वाईट, कोण जाणे. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितल्यापासून हे शेअर रिक्षा सोडून कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातून चालत घरी येतात. आणि चप्पल काढल्या काढल्या दंडाला बीपीचा पट्टा! कारखान्यात चेकर आहेत ना, तीच सवय, दुसरं काय. पीस मशीनवरून उतरला की लगेच तपासायचा. आकडा रोज चढलेला. "चालल्यानेच वाढतंय, बंद करतो," काल म्हणाले. थोरल्या दिरांना लकवा झाल्यापासून घाबरलेत, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

म्हणून आज दुपारी मीच डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या हसल्या. चालताना हृदय जोरात रक्त ढकलतं, आकडा चढणारच. मग स्वस्थ बसलं की सैल झालेल्या नसांमुळे तो उतरतो, कधी आधीपेक्षाही खाली. रोज चाललं तर नसा लवचीक राहतात. गोळी मात्र चालूच.

संध्याकाळी आल्या आल्या सांगितलं, पण ह्यांना पटेना. पट्टा हातातच. तेव्हा ओरडले, "अहो, ड्रायरमधून काढलेली गरम पँट मोजता का तुम्ही?"

"छे! थंड झाल्यावर. गरम असताना माप चुकतं."

"मग?"

पट्टा बाजूला ठेवून खुर्चीत बसले. चहासुद्धा मागितला नाही. बऱ्याच वेळाने पट्टा बांधला. मी आकड्याकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पास," म्हणाले, कारखान्यात म्हणतात तसं. मग पट्टा माझ्यापुढे धरला. "आता तुझं. पण आधी थंड हो, मघाशी केवढी ओरडलीस!"